परक्या नगरींतलें बिऱ्हाड

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यवस्थापक मंडळानें आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हां धर्मग्रामाच्या पन्नास वर्षांच्या इतिहासावर आम्ही बोलूं अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु त्या इतिहासाचे खरे साक्षी आमच्यासमोर पहिल्या रांगेंत बसले आहेत. ज्यांनीं ह्या मंदिराच्या पायाचे दगड स्वतःच्या बैलगाडींतून आणले, त्यांना आम्हीं, येथें येऊन उणीपुरीं सहा वर्षें झालेल्या माणसानें, इतिहास सांगणें म्हणजे आजीला अंगाई शिकविण्यासारखें होईल. म्हणून मंडळाच्या परवानगीनें आज आम्ही एका साध्या, घरगुती विषयावर बोलणार आहों. तो विषय म्हणजे बिऱ्हाड; परक्या देशांत, परक्या वस्तींत, अनोळखी शेजाऱ्यांमध्यें थाटलेलें बिऱ्हाड.

हाच विषय कां, असें कोणी विचारील. आज आपल्या धर्मग्रामांत असें घर क्वचितच सांपडेल, कीं ज्यांतलें कोणी ना कोणी परदेशीं नाहीं. कोणाचा मुलगा कुवेतला, कोणाची मुलगी कॅनडांत, कोणाची सून आयर्लंडमध्यें परिचारिका. मिस्सा आटोपून आम्ही बाहेर येतों न येतों, तोंच एखादी माउली पदर सांवरीत जवळ येते आणि म्हणते, "फादर, पोराला नोकरी लागली, पण राहायला जागा मिळत नाहीं. तुमच्या मिस्सांत आठवण ठेवा." नोकरी ही वार्ता सर्वांना सांगण्याची, जागा ही चिंता एकट्या आईची. ह्या चिंतेचें मर्म आम्हांस ठाऊक आहे, कारण आम्हीही एके काळीं परक्या नगरींत जागा शोधीत हिंडलों आहों.

२००४ सालच्या सप्टेंबर महिन्यांत आमच्या बिशप महाराजांनीं आम्हांस पुढील अभ्यासासाठीं रोमला पाठविलें. धर्मगुरु विद्यार्थ्यांसाठीं तेथें अनेक वसतिगृहें आहेत. पण ज्या वसतिगृहाचा आम्हांस भरंवसा होता, तेथें त्या वर्षीं जागा उरली नव्हती. आमच्यासारखेच दोघे गुरुबंधु, एक केरळचे व एक आफ्रिकेंतील टांझानियाचे, असेच तिष्ठत होते. वरिष्ठांची संमति घेऊन आम्हीं तिघांनीं मिळून एक घर भाड्यानें घ्यावें असें ठरलें.

ठरविणें सोपें, घर मिळविणें अवघड. आम्ही सेमिनरींत लॅटिन शिकलों होतों, आणि लॅटिन येतें तर इटालियन सहज येईल अशी आमची समजूत होती. ती पहिल्याच दिवशीं मावळली. जाहिरातींचें पत्र समोर ठेवून आम्ही एकेका क्रमांकावर दूरध्वनि करीत असूं. पलीकडून प्रथम गोड आवाज येई. आम्ही दोन वाक्यें बोललों, कीं त्या आवाजांत थोडी थंडी शिरे, आणि दोनच शब्द ऐकूं येत: "ज्या आफित्तातो." म्हणजे, जागा भाड्यानें गेली. एके दिवशीं तर तीच जाहिरात पुढील अंकांत पुन्हां दिसली. जागा गेली नव्हती. फक्त आम्हांला गेली होती. प्रिय जनहो, हे दोन शब्द ध्यानांत ठेवा. शेवटीं आम्हांस त्यांच्याकडे परत यावयाचें आहे.

अखेर एका वृद्ध घरमालकिणीनें आम्हांस दार उघडलें. तें घर गार्बातेल्ला नांवाच्या वस्तींत होतें. ही वस्ति शहराच्या दक्षिणेस, संत पौलांच्या महामंदिरापासून पायीं वीस मिनिटांच्या वाटेवर आहे. तिची पायाभरणी १८ फेब्रुवारी १९२० रोजीं इटालीचे राजे तिसरे व्हिक्टर इमॅन्युएल ह्यांच्या हस्तें झाली. कामकरी लोकांना थोड्या भाड्यांत हवेशीर घरें मिळावीं, हा त्यामागील हेतु. मागाहून शहराच्या जुन्या भागांतील घरें पाडलीं गेलीं, तेव्हां तेथून उठविलेलीं कुटुंबेंही येथें आणून वसविण्यांत आलीं. म्हणजे जी वस्ति आज रोमकरांना इतकी जुनी व आपली वाटते, तिचे पहिले रहिवासीसुद्धां एका दिवशीं गांठोडें घेऊन अनोळखी दारांत उभे राहिलेले बिऱ्हाडकरूच होते.

ह्या वस्तीची रचना आम्हांस पाहतांच आवडली. चार-पांच इमारतींच्या मधोमध एक सामायिक अंगण, त्यांत झाडें, आणि कपडे वाळविण्यासाठीं ताणलेल्या तारा. आपल्या वाडींत विहिरीभोंवतीं जशी घरें असतात, तशीं त्या अंगणाभोंवतीं घरें. रस्त्याच्या कोपऱ्यावर बिडाची एक बुटकी तोटी अखंड वाहत असते. तिला लोक 'नासोने', म्हणजे मोठें नाक, असें म्हणतात. १८७४ सालापासून रोममध्यें अशा तोट्या बसविल्या गेल्या. आज त्यांची संख्या सुमारें अडीच हजार आहे, आणि त्यांचें पाणी कोणीही प्यावें.

परंतु घर मिळणें आणि घरांत राहण्यास पात्र ठरणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या मुलांना उपयोग व्हावा म्हणून थोडा तपशील सांगतों. भाड्याचा करार लेखी हवा, आणि तीस दिवसांच्या आंत सरकारदरबारीं त्याची नोंद हवी. तीन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत मालकानें घेऊं नये, असा त्या देशाचा १९७८ सालचा कायदा आहे. परदेशी मनुष्यास घरांत ठेवलें, तर मालकानें अठ्ठेचाळीस तासांत पोलिसांस कळविलें पाहिजे. परदेशी मनुष्यानें देशांत पाऊल ठेवल्यावर कामकाजाच्या आठ दिवसांत वास्तव्याच्या परवान्यासाठीं अर्ज केला पाहिजे. शिवाय प्रत्येकास अक्षरें व आंकडे मिळून सोळा चिन्हांचा एक करक्रमांक घ्यावा लागतो. त्यावांचून कराराची नोंद नाहीं कीं बँकेंत खातें नाहीं. आम्ही तो क्रमांक जपमाळेच्या गूढांप्रमाणें पाठ केला होता. एक कागद दुसऱ्या कागदावांचून मिळत नाहीं, आणि दुसरा पहिल्यावांचून, असें कित्येकदां वाटतें. अशा वेळीं संतापूं नये. सर्व कागदांच्या प्रती जवळ बाळगाव्या आणि पहांटे लौकर रांगेंत उभें राहावें.

आतां आमच्या पहिल्या दिवसांची फजीति ऐका. दुसऱ्याच दिवशीं आम्ही केराची बादली घेऊन खालीं गेलों. मागें दार ओढलें गेलें, आणि तें बाहेरून किल्लीवांचून उघडत नाहीं हें तेव्हां समजलें. दोघे गुरुबंधु सायंकाळीं परत येईपर्यंत आम्ही घरांतल्या चपला घालून जिन्यावर बसून प्रार्थनाविधि म्हटला. पुस्तक घरांत असल्यामुळें पाठ येणारीं स्तोत्रेंच तेवढीं म्हटलीं. तेथील सामान्य घरास तीन किलोवॅट वीज मिळते. कपडे धुण्याचें यंत्र, भट्टी आणि इस्त्री हीं तिन्ही एकदम सुरू केलीं, तर सर्व घर अंधारांत बुडतें आणि मीटर पुन्हां चालू करण्यासाठीं तळमजल्यावर जावें लागतें. आम्ही तीन मजले दहा वेळां उतरलों, तेव्हां हें ज्ञान पक्कें झालें. ऑक्टोबरांत थंडी वाजूं लागली, पण भिंतींतील तापनळ्या गार. त्या बिघडल्या आहेत असें समजून आम्ही मालकिणीकडे तक्रार घेऊन गेलों. ती हंसून म्हणाली, "डॉन, रोमला थंडी एक नोव्हेंबरला सुरू होते." कारण सामायिक तापयंत्रणा १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल ह्याच काळांत, आणि दिवसाकांठीं फार तर बारा तास, चालवावी असा तेथील नियम.

ह्या गोष्टी हंसण्यावारी नेण्यासारख्या आहेत. पण एक गोष्ट तशी नव्हती, आणि ती म्हणजे जिन्यावरची शांतता. आमच्या जिन्यावर आठ बिऱ्हाडें होतीं. सकाळीं विद्यापीठांत जातांना व सायंकाळीं परत येतांना कोणी ना कोणी भेटे. आम्ही मान खालीं घालून, वाट सोडून, भिंतीच्या कडेनें जात असूं. वडील माणूस जिन्यावर भेटलें तर आदरानें बाजूला व्हावें, तें बोलेल तर बोलावें, असेंच आम्हांस लहानपणीं शिकविलें होतें. कोणीही आमच्याशीं बोललें नाहीं. तीन आठवडे असे गेले. रात्रीं आमच्या मनांत येई, कीं ज्या नगरींत आमच्या धर्माचें पीठ, त्याच नगरींत आम्ही परके. खालीं दाराच्या घंटेवर आठ नांवें होतीं. आमच्या घंटेवर अजून मागच्या भाडेकरूचेंच नांव होतें. आपण ह्या घरांत राहतों, पण येथें आपण नाहीं, असें त्या पाटीकडे पाहून वाटे.

मग एका शनिवारीं आम्हांस घरच्या जेवणाची फार आठवण झाली. आईनें बांधून दिलेला मसाला संपला होता, म्हणून केरळच्या गुरुबंधूंनीं बाजारांतून सुक्या मिरच्या आणल्या आणि आम्हीं त्या तव्यावर भाजावयास घेतल्या. पुढें काय झालें असेल, हें येथें बसलेल्या भगिनींना सांगावयास नको. तो खाट दाराखालून जिन्यावर गेला, आणि खालपासून वरपर्यंत आठही बिऱ्हाडें खोकूं लागलीं. दारावर थापा पडल्या. उघडून पाहतों तों समोरची वृद्ध विधवा, तिच्यामागें दोन पुरुष, त्यांपैकीं एकाच्या हातांत पाण्याची बादली. त्यांना वाटलें, आग लागली. आमच्या डोळ्यांत पाणी, त्यांच्या डोळ्यांत पाणी. आम्हीं मोडक्या भाषेंत क्षमा मागितली व तवा दाखविला. क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग ती बाई हंसूं लागली, आणि सर्वच हंसले.

हंसणें ओसरल्यावर ती म्हणाली, "डॉन, तुम्हांला येऊन तीन आठवडे झाले. तुम्ही मान खालीं घालून जातां, 'बुओन जोर्नो' देखील म्हणत नाहीं. आम्हांला वाटलें, तुम्हांला आमची ओळख नको."

आम्ही म्हटलें, "आम्हांला वाटलें, तुम्हांलाच आमची नको."

पुढें समजलें, कीं त्या जिन्याची रीति आपल्या रीतीच्या नेमकी उलट आहे. जो नवा येतो त्यानें प्रथम नमस्कार करावयाचा. तो बोलला नाहीं, तर त्याला एकटें राहूं देणें हाच शेजाऱ्यांचा विनय. म्हणजे तीन आठवडे दोन्हीं बाजूंनीं केवळ सभ्यता चालली होती, आणि त्या सभ्यतेच्या भिंतीच्या दोन्हीं बाजूंस माणसें एकटीं बसलीं होतीं! त्या रात्रीं आम्हीं जाड कागदावर आम्हां तिघांचीं नांवें ठळक लिहून घंटेवर लावलीं. दुसऱ्या दिवसापासून जिन्यावर जो भेटेल त्यास प्रथम आम्ही 'बुओन जोर्नो' म्हणूं लागलों. आठवड्याभरांत भाजी कोठें स्वस्त मिळते, कोणाचा नातू परीक्षेस बसला आहे, कोणाचे गुडघे दुखतात, हें सर्व आम्हांस ठाऊक झालें. त्या विधवा माउलीनें आमचें इटालियन सुधारण्याचें काम स्वतःकडे घेतलें. क्रियापद चुकलें, कीं ती जिन्यावरच थांबवून तें पुन्हां म्हणवून घेई.

त्या वस्तीच्या धर्मग्रामाचें नांव ऐकून तुम्हांस आनंद वाटेल: संत फ्रान्सिस झेवियर. गोव्यास ६ मे १५४२ रोजीं उतरलेले, रस्त्यांतून घंटा वाजवीत मुलांना धर्मशिक्षणास बोलावणारे, आणि आपल्या वसईसही ज्यांचे पाय लागले, तेच आपले गोंयचे सायब! त्यांचें शरीर जुन्या गोव्याच्या बॉम जेझू मंदिरांत आहे, हें आम्हीं त्या माउलीस सांगितलें, तेव्हां तिनें विचारलें, "तुम्ही तें पाहिलें आहे?" आम्ही लहानपणीं आईच्या कडेवर बसून पाहिलें आहे, असें म्हणतांच तिच्या दृष्टीनें आमची योग्यता एकदम वाढली. मग तिनेंही आम्हांस एक गोष्ट सांगितली. पोप दुसरे जॉन पॉल तरुणपणीं रोममध्यें शिकत असतांना त्यांचा ह्या धर्मग्रामाशीं संबंध आला होता. आणि १९७८ सालीं परमगुरुपदावर निवड झाल्यावर रोममधील ज्या धर्मग्रामास त्यांनीं सर्वांत प्रथम भेट दिली, तें हेंच. दिवस ३ डिसेंबरचा, संत झेवियर ह्यांच्या सणाचा. त्या दिवशीं तिच्या यजमानांनीं मुलीला खांद्यावर घेतलें होतें, इतकें सांगून ती थोडा वेळ गप्प राहिली.

२००५ सालच्या उपवासकाळांत एके दुपारीं घंटा वाजली. दारांत त्या धर्मग्रामाचे धर्मगुरु उभे. एका हातांत तीर्थ, दुसऱ्या हातांत एक वही. इटालींत ईस्टरच्या सुमारास धर्मगुरु घरोघर जाऊन आशीर्वाद देतात, ही जुनी चाल आहे. आम्ही म्हणालों, "फादर, आम्ही तिघेही धर्मगुरुच आहों." ते म्हणाले, "पण हें घर माझ्या धर्मग्रामांत आहे." त्यांनीं स्वयंपाकघरासुद्धां सर्व खोल्यांवर तीर्थ शिंपडलें, आम्हां तिघांचीं नांवें विचारलीं, अक्षर न अक्षर नीट उच्चारून घेतलीं, आणि त्या वहींत लिहिलीं. प्रिय जनहो, करार झाला होता, परवाना मिळाला होता, करक्रमांक मिळाला होता. पण आमचें बिऱ्हाड रोममध्यें खरोखर थाटलें गेलें तें त्या दुपारीं, त्या वहीच्या पानावर.

त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, २ एप्रिल २००५ रोजीं, शनिवारीं रात्रीं साडेनऊच्या सुमारास पोप दुसरे जॉन पॉल देवाघरीं गेले. वार्ता येतांच अंगणाभोंवतींच्या खिडक्या एकामागून एक उघडल्या. मग हळूहळू माणसें खालीं आलीं, आणि त्या कपडे वाळविण्याच्या तारांखालीं उभें राहून जपमाळ सुरू झाली. तिसरें गूढ आलें, तेव्हां ती माउली आमच्याकडे वळून म्हणाली, "डॉन, हें तुमच्या भाषेंत म्हणा." आम्हीं मराठींत 'नमो मरिये' म्हटलें, आणि आठ बिऱ्हाडांच्या माणसांनीं त्याचें उत्तर इटालियन भाषेंत दिलें. एकाही शब्दाचा अर्थ सांगावा लागला नाहीं.

ज्या वाटेनें आम्ही रोज हिंडत होतों, तिच्या टोंकाशीं संत पौलांची कबर आहे. संत पौल रोमला आले ते बंदिवान म्हणून. त्यांच्यावर शिपायाचा पाहरा होता. तरीही, प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटच्या अध्यायांत आपण वाचतों, त्यांनीं दोन वर्षें स्वतःच्या खर्चानें घेतलेल्या भाड्याच्या जागेंत काढलीं, आणि जो कोणी दारीं आला त्याचें स्वागत केलें. विचार करा! स्वतः परका, स्वतः बिऱ्हाडकरू, पायांत बंधन; आणि तरी पाहुण्यांस दार उघडें. त्यापूर्वीं करिंथ नगरांत त्यांना आसरा दिला तो अक्विला व प्रिस्किल्ला ह्या दांपत्यानें. आणि हें दांपत्यही सम्राट क्लॉडिअसच्या हुकुमानें रोममधून घालवून दिलेलें होतें. ज्यांचें घर गेलें, त्यांनींच दुसऱ्यास घर दिलें. म्हणूनच पोप बारावे पायस ह्यांनीं १ ऑगस्ट १९५२ रोजीं स्थलांतर करणाऱ्या लोकांविषयीं जें आज्ञापत्र काढलें, त्याच्या आरंभींच मिसर देशांत परागंदा झालेलें नाझरेथचें पवित्र कुटुंब ठेविलें आहे.

आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांस तर ह्याहून जवळचें उदाहरण आहे. १५७९ सालीं इंग्लंडचे एक तरुण जेझुइट गोव्यास आले. त्यांनीं सुमारें चाळीस वर्षें ह्या भूमींत काढलीं. त्यांनीं शेजाऱ्यांची भाषा अशी आत्मसात केली, कीं १६१६ सालीं तिच्यांत 'ख्रिस्तपुराण' छापून निघालें. फादर थॉमस स्टीफन्स हे परक्या देशांत केवळ राहिले नाहींत. ते तेथल्या भाषेंत राहावयास गेले. परदेशीं जाणाऱ्या प्रत्येक तरुणानें हें ध्यानांत धरावें.

तेव्हां, ज्या आयाबापांचीं मुलें दूर आहेत, त्यांनीं मुलांना आमचा निरोप कळवावा. घर स्वतः पाहिल्यावांचून व लेखी करार हातीं आल्यावांचून कोणास पैसे देऊं नयेत. दारावर आपलें नांव लावावें. जिन्यावर आधीं आपण बोलावें; उत्तर आलें नाहीं, तरी दुसऱ्या दिवशीं पुन्हां बोलावें. पहिल्या रविवारींच धर्मग्राम शोधावें, आणि मिस्सा संपतांच पळून न जातां धर्मगुरूस आपलें नांव सांगावें. गांवच्या सोबत्यांशीं स्नेह ठेवावा, पण त्यांच्यांतच कोंडून घेऊं नये. घरीं बोलण्याचा दिवस नेमून घ्यावा. परंतु सर्व वेळ कान घराकडे आणि पाठ शेजाऱ्याकडे, असें करूं नये. आणि मिरच्या भाजावयाच्या असल्यास आधीं शेजाऱ्यांस कळवावें.

येथें थांबलों असतों, तर हें भाषण गोड झालें असतें. पण महोत्सवाच्या दिवशीं स्वतःची स्तुति ऐकावी तसा स्वतःचा दोषही ऐकावा. आणि तो दोष प्रथम आमचा आहे.

दोन वर्षांपूर्वीं एके सायंकाळीं एक गृहस्थ आमच्या कचेरींत आला. छोटानागपूरकडचा, येथील एका कारखान्यांत कामाला. त्याची बदली झाली होती, आणि नव्या धर्मग्रामासाठीं त्याला आमचें पत्र हवें होतें. आम्हीं वही काढली. त्यांत त्याचें नांव नव्हतें. आम्हीं विचारलें, "तुम्ही नवीन आलांत का?" तो म्हणाला, "फादर, आम्ही चौदा महिने येथें आहों." चौदा महिने तो, त्याची पत्नी व दोन मुलें दर रविवारीं ह्याच मंदिरांत, शेवटच्या बांकावर बसत होतीं. आमच्या मंदिरापासून त्यांची इमारत तीनशें पावलांवर. त्या काळांत त्यांचा धाकटा मुलगा तीन आठवडे रुग्णालयांत होता. कोणी गेलें नाहीं, कारण कोणास ठाऊकच नव्हतें. आम्हीं ओशाळून कांहीं बोलूं लागलों, तेव्हां तो नम्रपणें म्हणाला, "तक्रार नाहीं, फादर. आम्हांला वाटलें, इकडे अशीच पद्धत असेल."

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. ज्या माणसाच्या घरीं परक्या देशाचा धर्मगुरु तीर्थ व वही घेऊन आला होता, त्या माणसास तीनशें पावलें चालतां आलीं नाहींत! आम्ही त्याच्या बोलण्याची वाट पाहत होतों, तो आमच्या. पुन्हां तीच सभ्यतेची भिंत. फक्त ह्या वेळीं ती आम्हीं बांधली होती.

आणि त्या दोन शब्दांचें काय? "जागा गेली" हे शब्द आतां आपल्याच आळींत ऐकूं येतात. जेथें केळीच्या बागा होत्या तेथें इमारती झाल्या, आणि आपल्यापैकीं अनेक जण आज घरमालक आहेत. जागा पाहावयास कोणी आला, कीं त्याचें आडनांव विचारलें जातें, भाषा ऐकली जाते, रंग पाहिला जातो, काय खातोस हेंही विचारलें जातें. आणि मग तीच थंडी आवाजांत शिरते. फसवणुकीची भीति असते, हें आम्ही जाणतों. कागद पाहा, करार करा, पोलिसांस कळवा. हें सर्व योग्य आहे. पण जी आई सकाळीं परदेशांतील मुलाला जागा मिळावी म्हणून मेणबत्ती लावते, तिनेंच दुपारीं दुसऱ्या आईच्या मुलाला "जागा गेली" म्हणून परत पाठवावें काय? त्या मेणबत्तीचा प्रकाश कोठवर पडेल?

म्हणून ह्या महोत्सवाची आठवण म्हणून, कमानी व रोषणाईबरोबर, एक लहानसें काम आपण करावें अशी आमची विनंति आहे. मंदिराच्या कचेरींत आजपासून नव्या बिऱ्हाडांची एक वही ठेविली आहे. प्रत्येक वाडींतून दोघांनीं पुढें यावें, आणि आपल्या वाडींत नवें कुटुंब राहावयास आलें, कीं पंधरा दिवसांच्या आंत त्याच्या दारीं जावें. तें कुटुंब आपल्या धर्माचें असल्यास त्याचें नांव ह्या वहींत यावें. नसल्यास शेजार म्हणून तरी ओळख व्हावी. पाणी कधीं येतें, डॉक्टर कोठें बसतात, शाळा कोणती बरी, एवढें सांगितलें तरी पुष्कळ झालें. येत्या उपवासकाळांत आम्ही स्वतः घरोघर येऊं, आणि घरमालकाच्या आधीं भाडेकरूचें दार वाजवूं. ही प्रतिज्ञा आम्ही तुम्हां सर्वांच्या साक्षीनें करतों. मोडली, तर तुम्हीं आम्हांस जाब विचारावा.

बंधुभगिनीहो, हें मंदिर उभें राहून पन्नास वर्षें झालीं. वेदीच्या पेटींत जो प्रभु वास करतो, तो जन्मला तेव्हां त्याच्या आईबापांनाही कोणीतरी "जागा नाहीं" असेंच म्हटलें होतें. तें दार कोणाचें होतें, हें शुभवर्तमान सांगत नाहीं. तें आपलें नसो, एवढीच ह्या मंगल दिवशीं आमची प्रार्थना आहे. जे दूर आहेत त्यांना चांगले शेजारी लाभोत. जे जवळ आले आहेत त्यांना आपण लाभों. इतकें बोलून आम्ही आपली रजा घेतों.